दोन दुभाषी

व्हिडिओ कॉल दुपारी दोनचा होता. बारा वाजल्यापासूनच मधुवंती सासूबाईंना साडी नेसवायच्या मागे लागली होती.

"अगं, गाऊन राहू दे ना," श्रीनिवास म्हणाला. "ती बाई आईला बघायला नाही येत आहे."

"गाऊनवर सकाळचं वरण सांडलंय. आपण हेळसांड करतो असं वाटायला नको तिला."

नीलाबाईंनी निमूटपणे साडी अंगाभोवती घेऊ दिली. निऱ्या मात्र त्यांनी सुनेच्या हातातून काढून घेतल्या आणि स्वतःच घातल्या, भराभर, खाली न बघता. मे महिन्यातल्या मेंदूच्या झटक्यानंतर त्यांची मराठी गेली होती, माणसांची ओळख गेली होती, चमचा कसा धरायचा हेसुद्धा अधूनमधून जात असे. निऱ्या राहिल्या होत्या. पदर खांद्यावर टाकून त्या काहीतरी म्हणाल्या. तेलुगूतच. वाक्य लांबलचक होतं आणि शेवटाकडे जरा वर गेलं, प्रश्न विचारावा तसं.

"हो आई," मधुवंती म्हणाली.

मेपासून ती त्यांच्या प्रत्येक वाक्याला 'हो आई' म्हणत आली होती. दुसरं काय म्हणणार? घरात या बोलण्याला एक शब्द ठरून गेला होता. आई बरळतात. श्रीनिवास म्हणायचा, 'आज फार बरळतेय.' स्वरदा ऑनलाइन लेक्चर चालू असताना दार लावून घ्यायची आणि म्हणायची, 'आजी बरळतेय, आय कान्ट हिअर.' ते बरळणं नसून एक धडधाकट भाषा आहे हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. माहीत असूनही तसंच म्हटलं जायचं.

आजचा कॉल ठरला तो गेल्या आठवड्यातल्या तळ्याच्या प्रकारामुळे. मधुवंती मीटिंगमध्ये असताना नीलाबाई पुढचं दार उघडून बाहेर पडल्या. केलीव्हिल या उपनगरातल्या त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे पावसाचं पाणी साठवायचं एक तळं आहे. तिथे साडी खोचून, घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहून, त्या पलीकडे हात करून हाका मारत होत्या. पलीकडे कुत्रा फिरवायला आलेला एक माणूस होता. त्याला वाटलं बाई बुडते आहे. त्याने पोलिसांना फोन केला. लॉकडाऊनमुळे सगळे घरीच, त्यामुळे पोलिसांची गाडी नीलाबाईंना घेऊन दारात उभी राहिली तेव्हा गल्लीतल्या एकूण एक खिडकीचा पडदा हलला. श्रीनिवासला आईची काळजी आधी वाटली की पडद्यांची लाज आधी वाटली, हे सांगणं अवघड आहे. त्याने ते स्वतःला विचारलंही नव्हतं. पोलिसांनी डॉक्टरांना कळवलं, डॉक्टरांनी पुढे कळवलं, आणि आता सरकारी मूल्यमापन करणारी बाई ठरवायला मदत करणार होती की आईंना घरीच ठेवायचं की वृद्धांच्या होममध्ये.

जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला होता. त्याच्या शेजारी पाण्याच्या तांब्याला टेकवून आयपॅड, आणि आयपॅडमध्ये श्रीनिवासची धाकटी बहीण विनीता. ती ॲडलेडला, मॉसन लेक्सच्या युनिव्हर्सिटीत शिकवते. तिच्या मागे पुस्तकांचं कपाट दिसत होतं.

"दादा, आधीच सांगते," विनीता म्हणाली. "मी होमला हो म्हणणार नाही. सध्या तिथे कुणाला भेटू देत नाहीत. आई आत गेली की गेली. तुला फोनच येईल डायरेक्ट."

"मग तू ये," मधुवंती स्वयंपाकघरातून म्हणाली. "ये आणि सांभाळ."

"राज्यांची बॉर्डर बंद आहे, वहिनी."

"मे महिन्यात उघडी होती."

"मे महिन्यात माझं सेमिस्टर चालू होतं."

"माझंही ऑफिस चालू होतं. अजून आहे. काल मी क्लायंटसमोर कॅमेरा बंद करून त्यांची चादर बदलली."

"मधू," श्रीनिवास म्हणाला.

"मधू काय? बोलू दे ना. सगळ्यांना आई हवी आहे, चादर कुणालाच नको."

सोफ्याच्या अगदी कडेला श्रीनिवासचे वडील दीनानाथ बसले होते. ऐंशीच्या घरातले, सडपातळ, स्वेटरची सगळी बटणं लावलेले. मुलाच्या घरात राहायला आल्याला इतकी वर्षं झाली तरी ते सोफ्याच्या कडेलाच बसत. तळ्याच्या प्रकारानंतर त्यांनी एकच वाक्य उच्चारलं होतं: "मी आहे तोवर ती कुठे जाणार नाही." त्यानंतर बायकोला खुर्चीतून उठवायची वेळ आली तेव्हा त्यांना सुनेला हाक मारावी लागली होती, आणि त्या वाक्यातली हवा तिथेच गेली होती. पण त्यांनी ते मागे घेतलं नव्हतं.

दोन वाजता जोआन पडद्यावर आली. पन्नाशीची, पिकल्या केसांची, हसरी. तीसुद्धा घरूनच काम करत होती. मागे तिचं मांजर फिरत होतं. तिने सगळ्यांची नावं विचारली, आणि बोलणं अर्थातच इंग्रजीत सुरू झालं. ती म्हणाली, "मला नीलाशीच बोलायचंय, तुमच्याशी नंतर. दुभाषी फोनवर आहेत. मराठीचे."

"नमस्कार आजी," लॅपटॉपमधून एक भारदस्त पुरुषी आवाज आला. "मी मराठीचा दुभाषी. आपली प्रकृती कशी आहे?"

नीलाबाई समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या.

"आजी, ऐकू येतंय का? आपलं नाव सांगता का?"

नीलाबाईंनी मान वळवून आवाज कुठून येतोय ते शोधलं. मग सौम्यपणे दोन-तीन वाक्यं बोलल्या.

मग तो माणूस इंग्रजीत म्हणाला, "माफ करा, जोआन. बाई बोलताहेत ते मराठी नाही."

जोआनने चष्मा लावून खाली पाहिलं. "माझ्याकडे भाषा मराठी आहे."

"ती मराठीच बोलायची," श्रीनिवास म्हणाला. "म्हणजे पन्नास वर्षं. आता... आता तेलुगू बोलते. ती तिची मूळ भाषा."

"ओके. मग अर्जात मराठी का घातलंत?"

प्रश्नात आरोप नव्हता. तिला फक्त माहिती हवी होती. अर्ज श्रीनिवासने गेल्याच आठवड्यात भरला होता. शेजारच्या खोलीत आई तेलुगूत बोलत होती, ते त्याच्या कानावर पडत होतं, आणि त्याने 'मराठी' निवडून पुढचं पान उघडलं होतं. चूक झाली असं तेव्हा पुसटसंही वाटलं नव्हतं. आमची भाषा मराठी. आई आमची. यात विचार करण्यासारखं काय होतं?

"काही हरकत नाही," जोआन म्हणाली. "मी तेलुगूचा दुभाषी मागवते, थोडा वेळ लागेल. तोवर, सहजच विचारते, घरात कुणाला तेलुगू येतं का? थोडंसं तरी?"

मग स्वरदा, जिन्याच्या पायरीवर बसलेली वीस-एकवीस वर्षांची नात, म्हणाली, "आजोबा, तुम्ही तर तिथलं बुक लिहिलंय ना?"

ती खरंच विचारत होती. म्हणूनच ते जास्त लागलं.

दीनानाथांनी मान खाली घातली. 'गौतमी ते वसिष्ठा' हे त्यांचं एकुलतं एक पुस्तक. गोदावरी धवळेश्वरमच्या बंधाऱ्याखाली फुटते, तिच्या दोन मोठ्या शाखांच्या मधल्या त्रिभुज प्रदेशाचा आणि तिथल्या माणसांचा भूगोल. मराठीत तसं दुसरं नव्हतं, असं निदान त्यांच्या विभागातले लोक निरोपसमारंभात म्हणाले होते. आपली गोदावरी नाशिकला, पैठणला, नांदेडला पाहिलेल्या वाचकांना ती शेवटी कुठे जाते ते सांगावं, एवढीच त्यांची इच्छा होती. नदी गाळाची बेटं कशी घालते आणि कशी खाते, त्या बेटांना लंका म्हणतात, लंकेवरची माणसं घराचं दार नदीकडे का ठेवत नाहीत; भरतीचं खारं पाणी कालव्यात चढू नये म्हणून लाकेचे, म्हणजे कालव्यात पाणी अडवायच्या बांधकामाचे, दरवाजे कधी मिटतात; बायका नारळाची सालं खाडीत कुजवून काथ्या कसा बडवतात; वादळाच्या आदल्या दिवशी गुरं कोणत्या बांधावर नेतात. हे सगळं त्यांना आजही पाठ होतं.

आणि यातला माणसांकडून आलेला प्रत्येक शब्द नीलाबाईंच्या तोंडून आला होता. तेव्हा त्या नीला नव्हत्या. कालव्याच्या लाकेवर दरवाजे उघडमीट करणाऱ्या माणसाची मुलगी, हिंदीच्या परीक्षा दिलेली. पुण्याहून आलेल्या तरुण अध्यापकाचे प्रश्न ती गावकऱ्यांना तेलुगूत विचारायची आणि उत्तरं त्याला हिंदीत सांगायची. घरात ही गोष्ट लाडाने सांगितली जायची. लग्नाची मागणीसुद्धा आजोबांनी आजीच्या वडिलांना आजीलाच दुभाषी करून घातली, असं म्हणून सगळे हसायचे. दीनानाथही हसायचे. ती इतकी चांगली दुभाषी होती की तिची भाषा शिकायची त्यांना कधी गरजच पडली नाही. आणि पुण्याला आल्यावर तर ती वर्षभरात मराठी झाली.

"नाही," ते जोआनला म्हणाले. "आय ॲम सॉरी. मला येत नाही."

कॉल तात्पुरता बंद झाला. आयपॅड मात्र चालूच होता.

"थांब, दादा," विनीता म्हणाली. "म्हणजे मेपासून तुम्ही एकाही तेलुगू माणसाला फोन लावला नाहीत? एकालाही? अरे, केलीव्हिलमध्ये दर चौथं घर हैदराबादचं असेल!"

"लॉकडाऊन आहे विनू. कुणाला घरी बोलावणार?"

"फोन! फोनला लॉकडाऊन नाही!"

"घरातलं असं चव्हाट्यावर..."

"चव्हाट्यावर काय? ती चोऱ्या करते का?"

मधुवंती हात पुसत बाहेर आली. मघापेक्षा तिचा आवाज खाली होता. "माझ्या टीममध्ये तिघं तेलुगू आहेत. मी विचारू शकले असते. रोज मनात यायचं."

"मग?"

"ऑफिसमध्ये सगळ्यांना माहितेय माझ्या सासूबाई पुण्याच्या आहेत. आपण सगळ्यांना तेच सांगतो. कुणी खोदून विचारलं तर वडील कालव्यावर इंजिनियर होते म्हणतो. आता त्यांना कसं सांगू, त्या काय म्हणतात ते आम्हाला कळत नाही म्हणून?" ती खुर्चीत बसली. "वेंटवर्थव्हिलच्या दुकानात एक मुलगा होता काउंटरवर. आई त्याच्याशी तेलुगूत बोलत राहायच्या. भाजी घेऊन झाली तरी बाहेर यायच्या नाहीत. आणि आपण गाडीत बसून हॉर्न वाजवायचो."

"मी वाजवायचो," श्रीनिवास म्हणाला.

"मी सांगायचे वाजव म्हणून."

विनीताला वहिनीवर आणखी काहीतरी टाकायचं होतं, तोंडापर्यंत आलंही होतं, पण ते बाहेर पडलं नाही. तिला मामा आठवला. ती नववीत असताना एकदाच आला होता पुण्याला, नारळाचं पोतं आणि तुपातल्या कागदासारख्या पातळ मिठाईचा डबा घेऊन. तो आणि आई मागच्या खोलीत मोठमोठ्यांदा हसत होते आणि पुढच्या खोलीत विनीताच्या मैत्रिणी आल्या होत्या. तिने आत जाऊन सांगितलं होतं, आई, जरा हळू. आईने लगेच आवाज खाली आणला. मामानेही. आज तिला वाटलं, तो आवाज त्यानंतर वर आलाच नाही की काय. पण हे तिने कुणाला सांगितलं नाही. कॅमेऱ्यात तिने फक्त चष्मा काढून पुसलेला सगळ्यांना दिसला.

"कुणी काही बोलू नका आता," दीनानाथ म्हणाले. "तिला कळतं. शब्द नाही, पण सूर कळतो."

नीलाबाई खरोखरच एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या, भांडणाऱ्या यजमानांच्या घरात पाहुण्याने बघावं तसं.

जोआन परत आली. या वेळचा आवाज तरुण बाईचा होता. तिने नाव सांगितलं नाही, नुसता दुभाषी क्रमांक सांगितला. तसाच नियम असतो. मग ती तेलुगूत बोलली, "नमस्कारमंडी अम्मा."

नीलाबाई ताठ बसल्या. त्यांनी केस कानामागे सारले, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "आय्."

तो होकार होता, लवून दिल्यासारखा. आणि त्यानंतर त्या बोलू लागल्या. जिन्यावर बसलेल्या स्वरदाने मोबाइल खाली ठेवला. तिच्या लेखी आजी म्हणजे हळू बोलणारी, मोजकं बोलणारी, शुद्ध मराठीतली आजी. ही कोण? हिचे हात बोलत होते. हिने मध्येच आवाज बदलून कुणाची तरी नक्कल केली, आणि फोनवरची बाई खुदकन हसली.

"सॉरी," दुभाषी इंग्रजीत म्हणाली. "मी वरंगळची, बाईंची बोली समुद्राकडची आहे, एकदोन शब्द पुन्हा विचारावे लागले. त्या म्हणाल्या, इतक्या दिवसांनी कुणी नीट बोलणारं भेटलं."

"त्यांचं नाव विचारा," जोआन म्हणाली.

"वरलक्ष्मी."

"माझ्याकडे नीला आहे."

"हू इज वरलक्ष्मी?" स्वरदाने विचारलं.

"तीच," दीनानाथ म्हणाले. "लग्नात नाव बदललं. आमच्या आईने ठेवलं नीला."

जोआनला समजलं नाही. तेव्हा श्रीनिवासने इंग्रजीत समजावून सांगितलं, की आमच्याकडे पद्धत आहे, लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने बायकोचं नवीन नाव लिहितो. मराठीत हे सांगताना त्याला नेहमी छान वाटायचं. इंग्रजीत ते वाक्य संपेपर्यंत त्याचे कान तापले.

"ओके," जोआन म्हणाली आणि लिहून घेतलं. "आपण कुठे आहोत, हे त्यांना विचारा."

बराच वेळ तेलुगू. मग दुभाषी, एका पट्टीत, वाक्यामागून वाक्य: "मी अलीकडच्या काठावर अडकले आहे. या लोकांचं घर आहे. चांगले लोक आहेत. मला पलीकडे घरी जायचंय. दुपारी पाणी चढायच्या आत नाव निघते, म्हणून मी रोज जेवण झालं की दाराशी उभी राहते आणि यांना सांगते, नावाड्याला हाक मारा. हे मारत नाहीत. परवा मीच उतारावर गेले. पलीकडे एक माणूस कुत्रा घेऊन उभा होता. मी इतक्या हाका मारल्या. त्याने पाहिलं, पण नाव सोडली नाही."

जोआनने लिहून घेतलं आणि पुढचं विचारलं.

"आणि समोर बसलेत ते कोण?"

नीलाबाईंनी दीनानाथांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचं काहीतरी आलं आणि दीनानाथ नकळत पुढे झुकले.

"ते सर्व्हेवाले बाबू," दुभाषीने सांगितलं. "परगावचे. पुस्तक लिहिताहेत. फार भित्रे आहेत, नावेत बसले की काठ सोडत नाहीत." ती थांबली. "माफ करा सर, मला जे बोललं जातं ते सगळं सांगावंच लागतं."

"सांगा, सांगा," दीनानाथ म्हणाले. "खरं आहे ते."

"इथे त्यांची काळजी घेतली जाते का? कुणी रागावतं का, हात उगारतं का?" जोआनने विचारलं.

मधुवंतीने खुर्ची लॅपटॉपजवळ ओढली.

"कोणी नाही. घरातली बाई मला स्वतःच्या हाताने आंघोळ घालते. आईनंतर कुणी घातली नव्हती. फक्त डाळीत गूळ घालतात. डाळीत कुणी गूळ घालतं का? पण परक्याच्या घरी काय बोलणार."

स्वरदा फस्सकन हसली आणि लगेच रडायला लागली. ती आमटी नीलाबाईच पन्नास वर्षं करत आल्या होत्या. मधुवंती ती त्यांच्याकडूनच शिकली होती.

"शेवटचा प्रश्न," जोआन म्हणाली. "त्यांना इथे राहायला आवडेल का?"

नीलाबाईंनी आवाज खाली आणला, शेजारच्यांना ऐकू जाऊ नये तसा, आणि लॅपटॉपकडे झुकल्या.

"इथे बोलायला कुणी नाही," दुभाषी म्हणाली. "दिवसभर मी बोलते. हे सगळे मान हलवतात."

जोआनने चष्मा काढला. एक जागा आहे, ती म्हणाली. शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका होममध्ये, तिथे दोन तेलुगू मदतनीस आहेत आणि दोन-तीन तेलुगू आज्याही. एक खोली रिकामी आहे, फार दिवस राहणार नाही. मात्र तुम्हाला भेटता येणार नाही, निर्बंध उठेपर्यंत. कधी उठतील ते सांगता येत नाही. आणि त्यांच्या या आजारात माणूस किती दिवस कसा राहतो, हेही मी सांगू शकत नाही. घरी मदत मिळायला मोठी रांग आहे, त्यात तेलुगू बोलणारं कुणी मिळेल याची खात्री नाही.

"नको," मधुवंती म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मघापासून तीच होमच्या बाजूची. "नको. मी करीन. मी ऑफिसमधल्या मुलींना विचारते, त्या रोज फोनवर बोलतील. मी शिकेन थोडं. श्री, यांना नाही सांग."

"वहिनी," आयपॅडमधून विनीता म्हणाली. "तू किती करशील अजून? जाऊ दे तिला."

"तूच म्हणालीस, गेली की गेली!"

"म्हणाले. मला आई माझ्यासाठी हवी होती गं. तिला काय हवंय, ते आज पहिल्यांदा ऐकलं."

श्रीनिवास दोघींकडे आळीपाळीने बघत राहिला. लहानपणी जसं वडिलांकडे बघायचा तसं शेवटी त्याने दीनानाथांकडे पाहिलं. जोआनही तिकडेच बघत होती. "सर, तुम्ही पती आहात. तुमचं मत?"

दीनानाथ उठले. उठायची गरज नव्हती, पण त्यांना बसून बोलता येईना. ते टेबलापाशी आले आणि नीलाबाईंच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. खांद्यावर ठेवला नाही. ती आपल्याला ओळखत नाही, परक्या माणसाने खांद्यावर हात ठेवलेला तिला चालणार नाही, असा काहीतरी विचार त्यांच्या मनात आला असावा.

मी आहे तोवर ती कुठे जाणार नाही. ते वाक्य त्यांना प्रेमाचं वाटलं होतं. आता त्यांनी ते मनात पुन्हा म्हणून पाहिलं आणि ते लाकेचा दरवाजा मिटल्यासारखं ऐकू आलं.

"पाठवा तिला," ते म्हणाले.

"बाबा!" श्रीनिवास म्हणाला. "तुम्हाला भेटता येणार नाही. कदाचित..."

"कदाचित कधीच. समजलं मला." त्यांचा आवाज फार बारीक होता. "मी इथे रोज तिच्याजवळ बसतो, श्री. आणि ती म्हणते बोलायला कुणी नाही. मग माझं बसणं कुणासाठी आहे?"

मधुवंतीने पदराच्या टोकाने नव्हे, हातातल्या स्वयंपाकाच्या फडक्याने डोळे पुसले. कुणी वाद घातला नाही.

जोआन दुभाषीला म्हणाली, "त्यांना सांगा, एक जागा आहे जिथे त्यांची भाषा बोलणारी माणसं आहेत. तिथे राहून बघाल का?"

दुभाषीने सांगितलं. नीलाबाईंनी काहीतरी विचारलं.

"त्या विचारतात, कोणत्या काठावर?"

जोआन गोंधळली. तिने श्रीनिवासकडे पाहिलं, श्रीनिवासने वडिलांकडे.

"पलीकडच्या," दीनानाथ इंग्रजीत म्हणाले.

ते तेलुगूत गेलं, आणि नीलाबाईंचा चेहरा इतका मोकळा झाला की स्वरदाला तिकडे बघवेना. त्यांनी खुर्चीत सावरून दोन्ही हात जोडले. आधी मधुवंतीकडे, मग श्रीनिवासकडे, मग मान वळवून दीनानाथांकडे. आणि निरोप घेताना बोलावं तसं, थांबत थांबत, बरंच बोलल्या.

दुभाषीने सांगायला सुरुवात केली.

"त्या म्हणतात, तुम्ही मला ठेवून घेतलंत, जेवू घातलंत. तुमचे उपकार आहेत. एका गोष्टीची मात्र मला लाज वाटते. इतके दिवस तुमच्या घरी राहिले, पण तुमची भाषा काही मला शिकता आली नाही. तुम्ही काय बोलता ते मला कळत नव्हतं. राग मानू नका."

आयपॅडमधलं विनीताचं चित्र हललं नाही. नेट अडकलं होतं की ती तशीच बसली होती, कळलं नाही.

"तिला सांगा," दीनानाथ मराठीत म्हणाले, "तिला सांगा, ती फार सुंदर मराठी बोलायची. आमच्यापेक्षा सुंदर."

"सॉरी सर, मला मराठी येत नाही. इंग्रजीत सांगाल?"

त्यांनी इंग्रजीत सांगितलं. एकदा चुकले, पुन्हा सांगितलं. दुभाषीने ते तेलुगूत नेलं. नीलाबाईंनी ऐकलं, त्यांच्याकडे पाहून हसल्या आणि हलकेच मान हलवून दोन शब्द बोलल्या.

"काय म्हणाली?" दीनानाथांनी विचारलं.

"त्या म्हणतात," दुभाषी म्हणाली, "बाबू माझं मन राखायला तसं म्हणताहेत."